‘बाई, तुम्ही अडकलात’ : साताऱ्यातल्या एका वायफायचं प्रकरण

आत्याचा फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही, थेट तक्रार. “अरे, मुलं म्हणतात बाई तुम्ही अडकलात. मी तर बोलतेच आहे!”

आत्या साताऱ्याला राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दहावीच्या गणिताचे वर्ग घरूनच, लॅपटॉपवर घेते. सोमवार ते शनिवार संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा, आणि रविवारी सकाळी दहाला शंकासमाधान. वर्गात अठरा मुलं. निम्मी आसपासच्या गावांतली, त्यामुळे त्यांचंच नेट खराब असणार असं आधी सगळ्यांनी धरलं. पण अठराही जणांना बाई एकाच क्षणी तोंड उघडं ठेवून थिजलेल्या दिसत होत्या, म्हणजे दोष बाईंच्या बाजूला. हे गणित तिनेच मांडलं, मी नाही.

मी पुण्यात एका कंपनीत लोकांचे लॅपटॉप सांभाळतो. दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारा शब्द म्हणजे ‘अधूनमधून’, आणि सगळ्यात कमी उपयोगाचाही तोच. ठप्प पडलेलं यंत्र परवडलं. अधूनमधून रुसणारं यंत्र म्हणजे दवाखान्याची पायरी चढताच खोकला थांबणारं पोर.

माझ्याकडे प्रकरण येण्याआधी बरंच काही होऊन गेलं होतं. नेटवाला मुलगा दोनदा येऊन गेला. त्याच्या डब्यावरचे दिवे हिरवे, एलओएसचा दिवा विझलेला (तो लाल पेटला तर फायबरमध्ये गडबड), स्पीड टेस्टचा आकडा ठरल्याप्रमाणे. दुसऱ्या खेपेला त्याने राउटर बदलून दिला आणि गेला. मग लॅपटॉप गावातल्या दुकानात. तिथे तो दोन दिवस चालू ठेवला, नेट एकदाही गेलं नाही, तरी ‘आणलाच आहे तर’ म्हणून फॉरमॅट मारून आठशे रुपये घेतले. घरी आणला, संध्याकाळचा वर्ग सुरू झाला, वीस मिनिटांत बाई अडकल्या. काकांचं मत पहिल्यापासून ठाम होतं : मशीन जुनं झालंय, नवं घ्या.

एक वाक्य प्रत्येकाने मला ऐकवलं : “मोबाइलवर मात्र नीट चालतं.” त्याच टेबलावर, त्याच वेळी, त्याच वायफायवर मोबाइल मस्त चालायचा. यावरून नेट आणि राउटर दोन्ही निर्दोष, लॅपटॉप गुन्हेगार, असा निकाल लागला होता. निकालाचा अर्धा भाग बरोबर होता. उरलेल्या अर्ध्याने आम्हा सगळ्यांचे तीन आठवडे खाल्ले.

हजेरीपट

फोनवरून दुरुस्ती करायला मी नकार दिला आणि आत्याला एक वही घालायला सांगितली. नेट अडकलं की वेळ लिही, लॅपटॉप चार्जरवर होता की बॅटरीवर ते लिही, वायफायचं चिन्ह गेलं होतं का ते लिही, आणि मोबाइलवर त्या क्षणी काय परिस्थिती होती ते लिही. बाकी काही नाही.

ती निवृत्त मुख्याध्यापिका. तिने जुना कोरा हजेरीपट काढला, पट्टीने रकाने आखले आणि मी न सांगितलेला एक रकाना स्वतःहून घातला : ‘घरात काय चालू होतं’. त्यात मिक्सर, पाण्याची मोटर, गीझर, ‘शेजारी ड्रिल’ अशा नोंदी. चौदा दिवसांनी तिने पानांचे फोटो पाठवले. एकूण एकतीस नोंदी. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात इतर गोष्टीही होत्या : ‘आज माऊसचे सेल बदलले’, चार दिवसांनी पुन्हा ‘माऊस अडखळतो, सेल बदलले’. त्या मी वाचल्या आणि सोडून दिल्या. त्याबद्दल पुढे स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायची वेळ आली.

एकतीस नोंदी नीट लावल्यावर दिसलं की हा एक आजार नाही, दोन आहेत, आणि इतके दिवस सगळे दोघांना एकाच नावाने हाक मारत होते.

सात नोंदी वर्गाबाहेरच्या होत्या. बहुतेक दुपारच्या, सगळ्या बॅटरीवरच्या, आणि सातही वेळा लॅपटॉप आधी पाच-दहा मिनिटं नुसता पडून होता. वायफायचं चिन्ह गेलेलं असायचं आणि मिनिटाभरात आपोआप यायचं. उरलेल्या चोवीस वर्ग चालू असतानाच्या : चार्जर लावलेला, वायफायच्या दांड्या जागच्या जागी, आणि तरी नेट मेलेलं.

विंडोजमध्ये एक सोय आहे, तिची फारशी कुणाला माहिती नसते. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, ती ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून, ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ ही आज्ञा इंग्रजीत टाकली की गेल्या तीन दिवसांचा वायफायचा अहवाल तयार होतो. कधी जोडलं, कधी तुटलं, सगळं आलेखावर. आत्याने तो मला पाठवला. दुपारच्या तुटण्यांच्या नेमक्या वेळांवर लाल खुणा होत्या. वर्गाच्या वेळांवर एकही नव्हती. लॅपटॉपच्या दृष्टीने संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा वायफाय एकदाही तुटलंच नव्हतं!

पहिला आजार सोपा. बॅटरी वाचवायला विंडोज वायफायचं कार्ड झोपवतं, आणि काही कार्डं झोपेतून उठताना गडबडतात. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर, पॉवर मॅनेजमेंट, आणि ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ या अर्थाच्या ओळीपुढची खूण काढायची. (काही नव्या लॅपटॉपांत हा टॅब दिसतच नाही, शोधत बसू नये.) फोनवर बोलत बोलत आत्याने ते केलं. दुपारच्या नोंदी थांबल्या. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. संध्याकाळी फोन : “बाई परत अडकल्या.”

रविवार का कोरा?

दुसऱ्या आजाराच्या चोवीस नोंदी वर्गांवर कशा पसरल्या आहेत ते पाहिलं. चौदा दिवसांत रोजचे बारा वर्ग झाले, त्यातल्या अकरांत नेट अडकलं. एका बुधवारी अडकलं नाही. आणि दोन्ही रविवार कोरे.

रविवार कोरा दिसताच मी उडी मारली : शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी! आत्याचा राउटर दोन रेडिओ-पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनेल, म्हणजे मार्गिका, वापरता येतात खरे, पण शेजारशेजारच्या दोन चॅनेलांत अंतर पाच मेगाहर्ट्झचं आणि एकेका राउटरचा आवाज वीस मेगाहर्ट्झ रुंद. त्यामुळे एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल प्रत्यक्षात तीनच : १, ६ आणि ११. आत्याच्या मोबाइलवर चॅनेल दाखवणारं ॲप टाकायला लावलं, तर नऊ वायफाय दिसली आणि त्यातली पाच सहाव्या चॅनेलवर, आत्याचं धरून. राउटर अकरावर हलवला.

आत्याला ते पटलं नव्हतं. “अरे, रविवारी तर सगळे घरीच असतात. गर्दी असेल तर रविवारी जास्त हवी ना?”

बरोबर होतं. माझं कारण उलट्या दिशेला जात होतं आणि मला ते दिसलंच नव्हतं. सोमवारच्या वर्गात तीन नोंदी. चॅनेल बदलणं वाईट नव्हतं, पण ते या प्रकरणाचं औषध नव्हतं. शुक्रवारी रात्री एसटी पकडून साताऱ्याला गेलो.

काळ्या खिडक्या दोन

शनिवारी संध्याकाळी पाचला आत्याच्या टेबलाशी बसलो. घर जुनं, मधली भिंत दीड फुटी दगडाची. राउटर पुढच्या खोलीत टीव्हीच्या शोकेसमध्ये, चिनीमातीच्या हत्तीमागे. आत्याचं टेबल भिंतीपलीकडे, माजघरामागच्या खोलीत. लॅपटॉपवर सिग्नल ६२ टक्के. विंडोजच्या टक्क्यांना निम्मं करून त्यातून शंभर वजा केले की साधारण खरा आकडा मिळतो : उणे ६९ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याकडे जाईल तितकं चांगलं). व्हिडिओसाठी उणे ६७ च्या आसपासचा सिग्नल चांगला समजतात, तेव्हा हा काठावरचा. पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल त्या भिंतीतून येईतो ३८ टक्क्यांवर, उणे ८१. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं, लॅपटॉप आपला २.४ वरच बसून.

दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीत राउटरच्या पत्त्यावर, म्हणजे १९२.१६८.१.१ वर, न थांबता पिंग सुरू केला. दुसरीत बाहेरच्या ८.८.८.८ वर. पिंग म्हणजे दर सेकंदाला ‘आहेस का?’ विचारणं आणि ‘आहे’ यायला किती वेळ लागला ते मोजणं. फक्त दुसरी खिडकी अडखळली तर दोष घराबाहेरचा, नेटवाल्याला फोन करायचा. दोन्ही अडखळल्या तर दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधल्या हवेत. कुठल्याही वायफायच्या तक्रारीत मी हेच आधी करतो. इथे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण आत्याला फोनवर दोन खिडक्या सांभाळायला कशा सांगायच्या या आळसापायी राहून गेलं.

राउटरची खिडकी, मिलिसेकंदांत : ३, ४, ३, ३, ५, ४. छान.

साडेपाचला पाच मिनिटं कमी असताना आत्या येऊन बसली. चष्मा लावला, वही उघडली. “थांब हं, हार्डडिस्क लावते.”

“कसली?”

“रेकॉर्डिंगची. लॅपटॉपात जागा नाही ना. वर्ग त्या डिस्कवर जातो, नंतर मुलांना पाठवते.”

तिने डाव्या बाजूच्या निळ्या पोर्टमध्ये केबल खोचली. डिस्कचा दिवा लागला. राउटरची खिडकी : ४, ३, ११, ४, ८७. वर्ग सुरू झाला, तिने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. ९, ३४०, ४, ८१२, आणि मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’च्या, म्हणजे ‘उत्तर आलंच नाही’च्या, ओळी एकाखाली एक. दोन्ही खिडक्यांत. कोपऱ्यात वायफायच्या दांड्या तशाच, ६२ टक्के. “बाई, तुम्ही अडकलात,” कुणीतरी पोर म्हणालं असणार, पण ते आमच्यापर्यंत पोचलं नाही.

“आत्या, रविवारी रेकॉर्डिंग करतेस?”

“शंकांचं काय रेकॉर्डिंग करायचं?”

“आणि तो बुधवार?”

तिने हजेरीपट मागे चाळला आणि थांबली. त्या बुधवारी डिस्क काकांकडे होती, जुने फोटो भरायला.

मी वर्ग चालू असतानाच केबल उपटली. (असं करू नये, त्या दिवशीचं रेकॉर्डिंग गेलं, आणि मला दोन शब्द ऐकावे लागले.) राउटरची खिडकी : ४, ३, ३, ४.

डिस्कचा आणि वायफायचा संबंध काय

आत्याचा पहिला प्रश्न हाच होता आणि तो रास्त आहे, कारण डिस्कला ना अँटेना, ना तिला नेट लागतं.

निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३. त्यातून माहिती सेकंदाला पाच अब्ज बिट या वेगाने धावते. इतक्या वेगाने वीज वरखाली होते तेव्हा केबल आणि तिचं टोक स्वतःच रेडिओसारखं हवेत खरखर सोडायला लागतं, आणि ती खरखर फार रुंद पट्ट्यात पसरते. त्या पट्ट्यात २.४ गिगाहर्ट्झ बरोबर सापडतं. ही काही माझी अक्कल नाही. इंटेलने २०१२ सालीच यावर एक टिपण काढलं होतं. त्यात हार्डडिस्क जोडल्यावर २.४ च्या पट्ट्यातला आवाज जवळजवळ २० डेसिबलने चढलेला दाखवला आहे. वीस डेसिबल म्हणजे शंभर पट. केबलवर धातूच्या जाळीचं वेष्टण नीट असेल तर खरखर बरीचशी आत कोंडली जाते. आत्याच्या डिस्कची मूळ केबल हरवली होती आणि ही बाजारातून आणलेली स्वस्तातली होती. माझ्या ऑफिसच्या डिस्कची केबल लावून पाहिली, त्रास कमी झाला, संपला नाही.

दांड्या का उतरल्या नाहीत, हेही यातून उलगडतं. दांड्या राउटरचा आवाज किती मोठा ऐकू येतो तेवढंच सांगतात, भोवती गोंगाट किती आहे ते सांगत नाहीत. आत्याने लगेच आपल्या भाषेत आणलं : “म्हणजे मी फळ्यापाशी तितक्याच मोठ्याने बोलतेय, पण मागच्या बाकावर शेजारीच दोघं भांडतायत.” अगदी तसंच. आणि भांडण बाकापुरतंच, म्हणून दोन हातांवर ठेवलेला मोबाइल सुखात. लॅपटॉपच्या अँटेना त्याच्या अंगातच असतात, पोर्टपासून वीतभर अंतरावर, आणि त्यात सिग्नल मुळातच काठावरचा. राउटर शेजारच्या खोलीत असता तर कदाचित हा गोंगाट कधी जाणवलाही नसता. दुकानात सगळं ठीक चालण्याचं कारणही हेच : तिथे डिस्क गेलीच नव्हती.

मुलांना बाई का अडकायच्या, हाही एक बारकावा. लॅपटॉपने पाठवलेलं राउटरला ऐकू जात होतं. पण वायफायमध्ये प्रत्येक पाठवणीला पोच लागते, आणि ती पोच गोंगाटात बुडायची. पोच नाही म्हणून लॅपटॉप तेच पुन्हा पाठवायचा, तरी नाही म्हणून वेग उतरवून पुन्हा. ऐकू येत नाही त्याचं बोलणंही अडखळतं.

आणि माऊस! वायरलेस माऊसची ती चिमुकली कळी बहुतेक २.४ वरच चालते, आणि आत्या ती शेजारच्याच पोर्टात लावायची. हजेरीपटाच्या समासात पुरावा पेन्सिलीने लिहून दिलेला होता.

रविवारी दिवसभर एकेक गोष्ट बदलून पाहिली, दर वेळी राउटरला तीनशे पिंग, म्हणजे पाच मिनिटं. डिस्क काढलेली : एकही हरवला नाही. डिस्क निळ्या पोर्टात आणि मोठी फाइल कॉपी चालू : ७१ हरवले. तीच डिस्क, तीच केबल, उजव्या बाजूच्या काळ्या पोर्टात : एक. काळा पोर्ट यूएसबी २, वेग ४८० मेगाबिट, त्याची खरखर इथवर चढत नाही. निळ्या पोर्टात साधा जुना, यूएसबी २ चा पेनड्राइव्ह : शून्य, म्हणजे पोर्ट बिघडलेला नाही, वेग नडतोय. डिस्क निळ्याच पोर्टात पण मीटरभर लांबीच्या जाड एक्स्टेंशनने टेबलाच्या पार टोकाला : सहा. काकांनी सुचवलेला पोळ्यांचा फॉइल केबलभोवती गुंडाळूनही पाहिला. आकडा बावन्नवर आला. काका खूश, मी नाही.

काय केलं

डिस्क काळ्या पोर्टात गेली. तासाभराच्या वर्गाच्या रेकॉर्डिंगला सेकंदाला काही मेगाबिट लागतात, ४८० त्याला भरपूर झाले. तक्रार खरं तर इथेच संपली होती. पण सिग्नल काठावर ठेवून परत येणं माझ्या मनाला पटेना.

म्हणून राउटर हत्तीमागून काढला. फायबरची ती बारीक पिवळी वायर शोकेसमागे तीन मीटर गुंडाळून ठेवलेली होती. ती काटकोनात न मोडता सैल वळणाने नेली आणि राउटर माजघराच्या दारावरच्या फळीवर ठेवला. दगडी भिंत वाटेतून गेली. टेबलापाशी पाच गिगाहर्ट्झ ३८ वरून ७० टक्क्यांवर आलं. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली आणि लॅपटॉपला २.४ चं नाव विसरायला लावलं. पाचचा चॅनेल आपोआप न ठेवता ३६ वर बांधला, कारण ५२ ते १४४ मधल्या चॅनेलांवर राउटरला रडारची चाहूल घेत बसावं लागतं आणि ती लागली की जागा सोडावी लागते. वर्गाच्या मध्येच तसं झालं असतं तर पुन्हा एक हजेरीपट भरला असता.

माजघरातल्या त्या फळीजवळ इन्व्हर्टरचा पॉइंट आहे, हे नंतर लक्षात आलं. फुकटचा फायदा. पुढच्या महिनाभरात एकच नोंद आली, मंगळवार सहा वाजून पाच, आणि पुढे कारण तिनेच लिहिलं होतं : ‘लाइट गेले, इन्व्हर्टरचं बटण बंद राहिलं होतं.’

निळ्या पोर्टावर आता औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर आत्याच्या फळ्यावरच्या अक्षरात ‘डिस्क नको’. माऊसमधून काढून डब्यात टाकलेले जुने सेल तिने परत माऊसमध्ये घातले. चालतोय.